सदतीस नंबरचा कप्पा

ताई, आडवळण न घेता सुरुवात करतो. तुला कळलं होतं का?

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले आणि त्यातले बहुतेक दिवस माझ्या डोक्यात दुसरा प्रश्नच नव्हता. लोक भेटायला यायचे, तू किती शिस्तीची होतीस, किती हसरी होतीस सांगायचे. मी मान डोलवायचो आणि मनात तेच घोळत असायचं. मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला, मी तुला जे कार्ड आणून दिलं ते खोटं होतं, हे तुला कळलं होतं की नाही? कळलं नसेल, तर सख्ख्या बहिणीला फसवून मी तिला निरोप दिला. कळलं असेल, तर तू माझ्या तोंडावर का नाही बोललीस? तू तर भाजीवाल्यालाही तोंडावर बोलायचीस. दोन्हींपैकी काय झालेलं बरं, हेसुद्धा मला ठरवता येत नव्हतं.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. गोंधळ झाला की फाइल पहिल्या पानापासून वाचावी, असं तूच म्हणायचीस. तीस वर्षं मंत्रालयात फाइली हाकल्यास, तेव्हा तुझं ऐकायला हवं.

पप्पांची नागपूरहून दिल्लीला बदली झाली आणि आपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि मी नऊचा. खाली तमिळ कुटुंब, समोर बंगाली, वरच्या मजल्यावर टोनीचं पंजाबी घर. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी, हे आपण आठवड्याभरात शिकलो. त्या वर्षी एका चॉकलेटच्या पाकिटातून वन्यप्राण्यांची कार्डं निघायची. पुढे चित्र, मागे प्राण्याचं वजन, उंची आणि वेग. दोघांनी एकेक कार्ड टाकायचं, ‘वजन!’ नाहीतर ‘स्पीड!’ असं ओरडायचं, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही कार्डं घ्यायची. एकूण अठ्ठेचाळीस कार्डं. सत्तेचाळीस सगळ्यांकडे असायची. सदतीस नंबरचा हिमबिबट्या मात्र अख्ख्या कॉलनीत दोघांकडेच होता, आणि त्यातली एक तू होतीस.

तू कार्डं जमवायचीस आणि मी ती जिंकायचो, म्हणजे जिंकायचा प्रयत्न करायचो. खेळताना मी चिडका आणि लबाड, दोन्ही होतो. इंग्रजी सहाच्या डोक्यावर निळ्या पेनाने एक वळण काढलं की आठ होतो, हा शोध माझाच. कुठल्यातरी कार्डावर तो प्रयोग करून मी दोन दिवस राज्य केलं. मग तू पकडलंस आणि कान धरून गच्चीवर घेऊन गेलीस. आईला सांगितलं नाहीस, हे तुझं तेव्हापासूनचंच. कान बरेच दिवस लक्षात राहिला. कार्ड कुठलं होतं ते साफ विसरलो.

मग ते झालं. बॅट टोनीची होती, त्यामुळे पहिली बॅटिंग कोण करणार हेही टोनीच ठरवायचा. मला तो कायम बाउंड्रीवर, नाल्याच्या बाजूला उभा करायचा. एक दिवस त्याने भाव सांगितला: हिमबिबट्या दे, तीन दिवस तू ओपनिंग कर. तू शाळेतून यायच्या आत मी तुझ्या वहीतून सदतीस नंबर काढलं आणि त्याला नेऊन दिलं. पुढे काय होईल याचा विचार मी केला नव्हता. नऊ वर्षांचं डोकं तीन दिवसांच्या पलीकडे जात नाही.

‘‘मिल्या, सदतीस कुठंय?’’

‘‘मला काय माहीत?’’

त्याच महिन्यात पप्पांना मोठं क्वार्टर मिळालं आणि आपण दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलो. माझं नशीब बघ. आई म्हणाली, सामानात गेलं असेल. मी लगेच म्हणालो, हो, सामानातच गेलं असेल. त्या शिफ्टिंगच्या नावावर आपल्या घरात दोन गोष्टी खपल्या: तुझं कार्ड आणि तुझी बॅडमिंटनची रॅकेट. रॅकेटवरून पप्पा तुला खूप रागावले होते. वाढदिवसाला मागून मागून घेतलेली होती ती. तू मान खाली घालून उभी होतीस, आणि मला बरं वाटलं होतं, की चला, हरवणारा मी एकटाच नाही. हे लिहायला आज लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

इथवर सरळ आहे. यापुढे माझा गोंधळ सुरू होतो.

मोठेपणी तू पुन्हा कार्डांकडे वळलीस तेव्हा आम्ही सगळे हसलो. मयूर विहारचा फ्लॅट, दोन मुलींची लग्नं, मंत्रालयात अधिकारी, आणि बाई रविवारी नोएडाच्या मॉलमध्ये फूड कोर्टात बसून भिंगातून हत्तीचे कोपरे बघते! भाऊजी म्हणायचे, ‘‘तुझी ताई आता हत्तींचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिते.’’ तू चिडायची नाहीस. प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा, पुढून पारदर्शक आणि मागून दुधी, अल्बम आणलास, अठ्ठेचाळीस कप्पे केलेस, आणि प्रत्येक कार्डामागे एक चिठ्ठी ठेवायला लागलीस. तुझ्या त्या ठाशीव सरकारी अक्षरात कोपरे, कडा, चित्र, छपाईची मांडणी, शेवटी दहापैकी गुण आणि तारीख. मला अजून आठवते ती गेंड्याची चिठ्ठी: ‘डावा कोपरा दाताने चावलेला. चावणारा घरातलाच असावा. गुण ४.’

सदतीस नंबरचा कप्पा तू रिकामा ठेवलास.

बाजारात ते कार्ड मिळत नव्हतं असं नाही. फूड कोर्टात तुझ्यासोबत कार्डं बघणाऱ्या भाटियाजींनी तुला दोनदा आणून दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं. तू घेतलं नाहीस. आणि वर्षातून एकदा तरी, कुठल्याही निमित्ताने, आधी ती जुनी वही आणि पुढे अल्बम माझ्यासमोर उघडून विचारायचीस, ‘‘सदतीस कुठं गेलं असेल रे, मिल्या?’’ तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी विचारलंस. मला नोकरी लागली तेव्हा विचारलंस. पप्पा गेल्यानंतर घर आवरताना, ट्रंकेवर बसून विचारलंस. मी दर वेळी एकच उत्तर दिलं, ‘‘सामानात गेलं असेल.’’ मला वाटायचं, हिला त्या कार्डाचं वेडच लागलंय. खरंच मला तसंच वाटायचं. तू माझ्याकडे बघत विचारायचीस आणि मी रिकाम्या जागेकडे बघत उत्तर द्यायचो.

गेल्या वर्षी त्या मालिकेचं रीप्रिंट निघालं. पत्र्याच्या डब्यात अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कार्डं, एकदम, चॉकलेट न खाता. तू दोन डबे घेतलेस, एक उघडायला आणि एक तसाच ठेवायला. आमच्याकडे द्वारकेला यायला निघालीस तेव्हा उघडलेला डबा पर्समध्ये होता, आणि मी तुला घ्यायला आलो होतो. मेट्रोत बसल्याबरोबर तू सुरू झालीस.

‘‘छपाई चांगली आहे हं. वाघ पहिल्यांदा केशरी आलाय, आपल्या वेळी तो कावीळ झाल्यासारखा दिसायचा. कडा एकसारख्या. कागद मात्र पातळ. मागून टॉर्च धर, उजेड आरपार येतो. जुन्यातून बिल्कुल येत नाही, त्याच्या पोटात राखाडी थर असतो. रीप्रिंट म्हणून मी याला दहापैकी नऊ देईन.’’

‘‘आणि जुनं म्हणून?’’

‘‘जुनं म्हणून शून्य. ते जुनं नाहीच ना यार!’’

‘‘चित्र तेच, आकडे तेच. मग फरक काय? तुम्ही लोक उगाच भाव खाता.’’

‘‘अरे, रीप्रिंट वाईट नसतं. खोटंही नसतं. हे बघ, पाठीवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हे रीप्रिंट आहे. ते स्वतःच सांगतंय. ती ओळ खोडून कुणी जुनं म्हणून पुढे केलं, की मग ते खोटं.’’

मी हो हो म्हणत मोबाइलवर ऑफिसचा मेल बघत होतो. राजीव चौकला डब्यात माणसं घुसली, तू कार्डं घाईघाईने पर्समध्ये टाकलीस आणि वाद तिथेच राहिला. त्यातला माझ्या डोक्यात नेमका चुकीचा भाग उरला. टॉर्च विसरलो. राखाडी थर विसरलो. ओळ खोडायची, तेवढं लक्षात राहिलं.

कारण मला एक युक्ती सुचली होती. चाळीस वर्षं तू त्या कार्डासाठी झुरतेस, आणि झुरायला लावणारा मी. खरं कार्ड आणून दिलं तर तू म्हणशील, हे आपलं नव्हे, विकत घेतलेलं आहे, नको. आणि आपलंच आहे हे पटवायचं तर ते घरातच सापडायला हवं. मग ठरवलं: आपल्या वयाचं एक कार्ड तयार करू. पप्पांच्या जुन्या पेन्शनच्या कागदांत सापडलं म्हणून सांगू. तुझा कप्पा भरेल, माझं ओझं उतरेल, आणि सत्य सांगायची वेळ येणार नाही. सगळ्यांचं भलं. मूर्खाला स्वतःची युक्ती नेहमीच सोन्यासारखी वाटते.

मी डबा ऑफिसच्या पत्त्यावर मागवला. सदतीस नंबर काढलं. खालची ओळ खोडरबराने घासली. तिथे पांढरा डाग पडला म्हणून पाठीवर चहा फासला. चहा सुनीताने माझ्यासाठी केलेलाच होता, त्यात साखर होती, वेगळा कोण करतो? कोपरे सतरंजीवर घासले. मग कार्ड बाल्कनीत उन्हात ठेवलं, पुस्तकाखाली दाबलं, पुन्हा उन्हात ठेवलं. सुनीता विचारत होती, ‘‘हे पापड काय वाळवताय?’’ मी म्हणालो, ऑफिसचं काम आहे. सख्ख्या बायकोला तेही पटलं, म्हणून मला वाटलं, बहिणीलाही पटेल.

बुद्धपौर्णिमेला तुझ्याकडे खीर खायला आलो तेव्हा ते खिशात होतं. ‘पेन्शनच्या कागदांत सापडलं’ हे वाक्य मी मेट्रोत चार वेळा मनात म्हणून बघितलं होतं. तुझ्यासमोर ते एका दमात बोलून टाकलं. तू हात पुसलेस. भिंग आणलंस. समोर धरलंस, उलटं केलंस, आणि खूप वेळ पाठीकडे बघत राहिलीस. मग नाकाशी नेऊन वास घेतलास.

‘‘हो,’’ तू म्हणालीस. ‘‘सदतीस नंबरच आहे.’’

आणि कप्प्यात ठेवताना म्हणालीस, ‘‘नीट ठेवायला हवं. मुंग्या लागतील.’’

भाऊजी हसले, मीही हसलो. मला वाटलं, खिरीचे हात म्हणून म्हणालीस. तू मला अजून एक वाटी खीर वाढलीस. मी ती खाल्ली. घरी येताना इतकं हलकं वाटत होतं, की मी सुनीतासाठी गजरा घेतला.

त्यानंतर सहा महिने. आणि मग मंगळवारी दुपारी मंत्रालयाच्या जिन्यात तू खाली बसलीस, आणि भाऊजींचा फोन आला, आणि मी पोचेपर्यंत संपलं होतं. त्यावर मी लिहिणार नाही. जमत नाही.

जलदान विधीच्या दिवशी भंतेजींची वंदना झाली, माणसं पांगली, आणि भाऊजींनी अल्बम माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, ‘‘हा मिल्याकडे द्या, असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. का ते नाही विचारलं मी. तेव्हा थोडंच वाटलं होतं की...’’ मी सदतीस नंबर उघडलं. माझं कार्ड तिथं होतं. माझेच घासलेले कोपरे. मी ढसाढसा रडलो आणि सगळ्यांना वाटलं, बहिणीच्या आठवणीने रडतोय. खरंतर त्या क्षणी मी स्वतःच्या भीतीने रडत होतो. तू ते खरं मानून गेलीस, हे मला सहन होत नव्हतं.

मागच्या रविवारी मी अल्बम घेऊन नोएडाला गेलो, तुमच्या त्या फूड कोर्टात. भाटियाजी एकटेच होते. तुझी खुर्ची त्यांनी कुणाला दिली नव्हती, तिच्यावर आपली पिशवी ठेवली होती. मी विचारलं, ताईने तुम्हाला सदतीस नंबर दाखवलं होतं का?

‘‘दिखाया कहाँ, भाईसाहब! मैंने तीन बार कहा, मैडम, लाओ, मैं भी देख लूँ. बोलीं, नहीं भाटियाजी, ये वाला ग्रेड नहीं होगा. ये घर का मामला है.’’

‘‘मतलब?’’

‘‘मतलब तो वही जानें. आप ही देख लो. पीछे से टॉर्च मारो, रीप्रिंट होगा तो चमक जाएगा.’’

त्यांनी कप्प्याला हात लावला नाही. त्यांची तशी पद्धत आहे, दुसऱ्याच्या कार्डाला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावत नाहीत, आणि मालक कोण हे आता त्यांनाही कळत नव्हतं, मलाही नाही. ‘घर का मामला’ हे शब्द घेऊन मी द्वारकेला परत आलो. घरचा मामला म्हणजे काय? आपलंच कार्ड म्हणून? की आपलाच भाऊ म्हणून?

दुपारी पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च लावून अल्बमच्या पानामागे धरला. शेजारच्या कप्प्यांत जुनी कार्डं, ती काळीच राहिली. सदतीसवर आणला. तेही काळं! उजेडाचा कणही नाही. मी टॉर्च जवळ नेला, तिरका धरला, बंद करून पुन्हा लावला. ताई, त्या कार्डाला मी माझ्या हाताने चहा फासला होता. ते रीप्रिंट होतं, हे जगात मला एकट्यालाच शंभर टक्के माहीत होतं. आणि तुझी परीक्षा सांगत होती की ते जुनं आहे. क्षणभर मला खरंच वाटलं, की माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

‘‘बाहेर काढून तर बघा,’’ सुनीता म्हणाली.

‘‘असा उघडा हात लावलेला तिला चालायचा नाही.’’

‘‘मग हात धुवा.’’

मी हात धुतले, कोरडे केले, आणि तू करायचीस तसं कडेला धरून कार्ड वर ओढलं. ते जाड लागलं. कप्प्यातून एक नाही, दोन कार्डं आली. पाठीला पाठ लावून ठेवलेली. दोन्हींच्या मध्ये घडी न घातलेली चिठ्ठी.

पुढचं कार्ड माझं. मागचं हिमबिबट्याचंच, पण पिवळट, मऊ, कोपरे आपोआप झिजलेले. ते उलटं केलं. वजन, उंची, वेग. वेगापुढे चौऱ्याऐंशी. छापलेल्या सहाच्या डोक्यावर निळ्या पेनाचं वळण, जरा वाकडं, माझं.

ते कार्ड. मी टोनीला दिलेलं. त्याच्यावरच मी तो आकडा बदलला होता, त्याच्यासाठीच कान धरला होतास. आणि ते तुझ्याकडे होतं!

कधीपासून? मला काही म्हणता काही कळत नाही. मी सुनीताला रॅकेटची गोष्ट सांगितली, ती म्हणाली, ‘‘मग तीच दिली असेल टोनीला.’’ असेल. टोनीची धाकटी बहीण त्या हिवाळ्यात गच्चीवर बॅडमिंटन खेळायची, हे मला आत्ता आठवतंय, आणि खरंच आठवतंय, की मी ती आठवण तयार करतोय, तेही सांगता येत नाही. खरं असेल, तर आठवड्याच्या आत कार्ड परत आणून तू गप्प बसलीस आणि रॅकेटसाठी पप्पांची बोलणी खाल्लीस. मग चाळीस वर्षं ते कुठं ठेवलंस? भाऊजींना विचारलं, त्यांना पत्ता नाही. आणि तुझ्याकडेच असताना, दरवर्षी रिकामी जागा दाखवून, मला का विचारत राहिलीस?

मग मी चिठ्ठी वाचली.

‘क्र. ३७. हिमबिबट्या. पुनर्मुद्रण. खालची ओळ खोडरबराने खोडलेली. कोपरे हाताने घासलेले. पाठीवर चहा, साखरेसह. वेग चौसष्ट, म्हणजे सहाचा आठ करायला विसरला. गुण: (जागा कोरी.) शेरा: आणणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. तोवर निर्णय राखून ठेवला आहे.’

खाली तारीख. बुद्धपौर्णिमेचीच.

म्हणजे तुला कळलं होतं. पाठ बघताक्षणी कळलं होतं. मी डाग, कोपरे, ऊन, सगळं केलं आणि स्वतःची लबाडीच तेवढी विसरलो. मुंग्या म्हणालीस तेव्हाही तू मला सांगतच होतीस, आणि मी खीर खात होतो. मी चिठ्ठी हातात घेऊन हसायला लागलो. सुनीता घाबरली. मग मला तुझा इतका राग आला, ताई, की तू समोर असतीस तर भांडलो असतो. म्हणणं ऐकून घ्यावं, असं लिहितेस, मग बोलावलं का नाहीस? सहा महिने होते आपल्याकडे! एक फोन करून ‘मिल्या, हे काय आणलंस’ म्हणायला काय झालं होतं?

फोनवरून आठवलं. तुझी ती सवय. सगळं बोलून झालं, मुलांचं, गुडघ्याचं, हवेचं, की तू थांबायचीस आणि दिल्लीवाल्यांसारखं विचारायचीस, ‘‘और?’’ आणि मग फोन ठेवायची नाहीस. एवढं बोलणारी बाई, तिथं मात्र गप्प व्हायचीस. मी म्हणायचो, ‘‘बस, काही नाही.’’ मग तू ‘‘अच्छा, चलो,’’ म्हणायचीस. मला ती फोन ठेवायची पद्धत वाटायची. जून, जुलै, ऑगस्ट, दर रविवारी. आणि त्या सोमवारी संध्याकाळीही, जिन्याच्या आदल्या दिवशी. ‘‘और?’’ ‘‘बस, काही नाही, ताई.’’ ‘‘अच्छा, चलो.’’

तू बोलावत होतीस. मीच आलो नाही.

तुला क्षमा करायची होती, की मला कबूल करायला लावायचं होतं, की तुला नुसतीच गंमत वाटत होती, हे मला अजूनही कळलेलं नाही. कदाचित तिन्ही असेल. तू मेट्रोत म्हणालीस ना, रीप्रिंट स्वतःच सांगतं की मी रीप्रिंट आहे, म्हणून ते खोटं नसतं. मी ती ओळ खोडली होती. मी ती पुन्हा लिहीन म्हणून तू वाट बघत होतीस, असं समजतो. चुकत असेन तर चुकू दे.

दोन्ही कार्डं मी पुन्हा तशीच पाठीला पाठ लावून कप्प्यात ठेवली आहेत, मध्ये तुझी चिठ्ठी. गुणांची जागा कोरीच ठेवली. तो अधिकार तुझा होता. पुन्हा नोएडाला जाऊन भाटियाजींना सांगितलं, घरचा मामला आहे. ते म्हणाले, ‘‘बस, फिर ठीक है.’’ माझ्यासाठी त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली. मी बसलो नाही अजून. बघू.

पण म्हणणं राहिलंय. ते देतो, मग तू काय तो शेरा मार.

सदतीस नंबर सामानात गेलं नव्हतं, ताई. ते मी चोरलं आणि टोनीला दिलं. तीन दिवस ओपनिंग मिळावी म्हणून दिलं. पहिले दोन दिवस त्याने काहीतरी कारण काढून मला बाउंड्रीवरच उभं केलं, आणि तिसऱ्या दिवशी बॅट हातात आली तेव्हा मी पहिल्याच बॉलला आउट झालो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता विचार ना. एकदा ‘और?’ म्हण.